‘अंडी फुटली’ हे चूक कसं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी नात पाचवीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ‘आमची कोंबडी’ असा निबंध होता. तिनं लिहिलं होतं, ‘एकविसाव्या दिवशी अंडी फुटली आणि अकरा पिल्ले निघाली.’ ‘फुटली’खाली तांबड्या शाईची रेघ होती आणि वर लिहिलं होतं, ‘उबवली’. म्हणजे दुरुस्त झालेलं वाक्य असं, की एकविसाव्या दिवशी अंडी उबवली आणि अकरा पिल्ले निघाली. नात मला म्हणाली, “आजी, उबवली तर कोंबडीनं आधीचे वीस दिवस. मग एकविसाव्या दिवशी काय झालं?”

तिच्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनी मन लावून वही तपासली आहे, काना-मात्राही सुधारली आहे. जे छापील वाचण्यात येतं तेच त्यांच्या पेनातून उतरलं. पण पोरीचं वाक्य बरोबर होतं. तिनं ते पुस्तकातून घेतलं नव्हतं, टोपलीजवळ उकिडवं बसून डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी साक्री तालुक्यात पांझरेच्या काठावरच्या एका गावात राहते. घरची शेती कापूस, मका, थोडी बाजरी. कोंबड्यांचं सगळं माझ्याकडे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. आज गावरान आणि गिरिराज या सुधारित जातीची मिळून शंभरावर पाखरं आहेत आणि बारा वर्षांपासून २०० अंड्यांचं उबवणी यंत्र आहे. आसपासच्या पाच-सहा गावांतल्या बाया माझ्याकडे अंडी आणून ठेवतात आणि तीन आठवड्यांनी पिल्लं घेऊन जातात.

आपल्या पेपरची रद्दी आमच्याकडे विकली जात नाही. यंत्रातून काढलेली पिल्लं पहिले दोन-तीन दिवस भाताच्या तुसावर पेपर अंथरून त्यावर ठेवावी लागतात, नाहीतर दाणा समजून ती तूसच टोचून खातात. नातीचा प्रश्न ऐकल्यावर मी त्या रद्दीचा गठ्ठा काढून बसले. दीड-दोन तासांत तीन बातम्या सापडल्या. एक कोकणातल्या कासवांची, तिच्यात लिहिलं होतं की मादी कासवांनी अंडी उबवली आणि पिल्लं समुद्रात गेली. दुसरा बोंडअळीवरचा शेतीच्या पानावरचा लेख, त्यात पतंगाची मादी अंडी घालते आणि ‘ती उबवल्यावर’ अळी बाहेर येते. तिसरी विहिरीजवळ सापडलेल्या सापाच्या अंड्यांची, नागिणीनं उबवलेली म्हणून. तिन्ही ठिकाणी कुणीही काहीही उबवलेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे या कामाला एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. उबवतं ते कोणीतरी दुसरं. उबतं ते अंडं. आणि निघतं ते पिल्लू. इंग्रजीत ‘हॅच’ म्हटलं की कोंबडीचं बसणंही त्यात येतं आणि पिल्लाचं बाहेर पडणंही. तो शब्द मराठीत आणताना आपण सगळंच्या सगळं ‘उबवणे’ या एका शब्दात कोंबलं, आणि त्यामुळे पिल्लाचं काम कोंबडीच्या नावावर गेलं.

आधी उबवणं काय असतं ते सांगते.

सासूबाई अहिराणी बोलायच्या. एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबली, पिसं फुलवून एका कोपऱ्यात बसून राहिली, जवळ हात नेला की घशातून खुडूक खुडूक करत टोचायला आली, की त्या म्हणायच्या, “कोंबडी खुडूक बठनी.” तरी लगेच अंडी देत नसत. दोन-तीन दिवस नुसतं बघायच्या, खरंच बसणार आहे की उठून जाणार आहे. खात्री पटली की जुन्या टोपलीत तळाला चुलीतली राख, म्हणजे उवा होत नाहीत, त्यावर गव्हाचं भूस, मध्ये हातानं दाबून केलेला खळगा. अंडी आठवड्याच्या आतली, मोजून अकरा किंवा तेरा. शेजारी एक लोखंडी खिळा, विजेच्या कडकडाटानं अंडी बाद होऊ नयेत म्हणून. खिळ्याचं मला माहीत नाही, पण मी अजूनही ठेवते. आणि कोंबडीला बसवायचं ते रात्री. दिवसा नवीन जागी ठेवली तर ती उठून पळते, अंधारात ठेवली तर सकाळपर्यंत जागा तिची झालेली असते.

त्यानंतर ती जे करते ते मी लग्न झाल्यापासून पाहते आहे. तिच्या पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि ती उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते. तिथं हात घातला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागतं. दिवसातून ती एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं. घाईघाईत दाणा, पाणी, धुळीत एकदा अंग घोळून घेणं, आणि परत. बसताना चोचीनं एकेक अंडं आपल्याकडे ओढते, कडेचं मध्ये घेते, मधलं कडेला सारते. हे ती दिवसात कितीदा करते त्याची गणती नाही. अंडी अशी फिरली नाहीत तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटून मरतो. माझ्या यंत्रात तासातासाला ट्रे कलतो तो याच कारणानं. यंत्राला ३७.५ अंश तापमान लावून ठेवावं लागतं आणि खाली पाण्याची थाळी भरून ठेवावी लागते. कोंबडीला हे कुणी शिकवत नाही. एकविसाव्या दिवशी ती हातात घ्या, कागदासारखी हलकी झालेली असते, तुरा फिका पडलेला असतो.

हे उबवणं. कोंबडीला २१ दिवस, बदकाला २८, कबुतराला साधारण १८. माझी धाकटी सून सिंधुदुर्गातली आहे, ती याला ‘कोंबडी रवणीला बसली’ म्हणते. आमच्याकडचा खुडूक आणि तिच्याकडचं रवण, दोन्ही शब्द कोंबडीच्या बसण्याचेच आहेत. पिल्लू बाहेर येण्याशी त्यांचा संबंध नाही, आणि तिच्याही माहेरी पिल्लं ‘निघतात’च.

मध्यंतरी एका रात्री आमच्याकडे नऊ तास लाइट नव्हती. यंत्रात १८० अंडी, चौदावा दिवस. आम्ही दोघांनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, यंत्रावर टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि पहाटेपर्यंत पाणी बदलत बसलो. त्या रात्री ती अंडी आम्ही उबवली, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. तिथं तो शब्द शोभतो. सर्पमित्र सापाची अंडी पेटीत ठेवून जपतात, तेव्हा ‘अंडी उबवली’ हे बरोबर आहे, कारण ऊब त्यांनी दिली. अजगराची मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि अंग थरथरवून स्वतः ऊब तयार करते. तिथं ‘उबवणे’ याहून चपखल शब्द नाही. पण नागीण अंड्यांवर पहारा देते, त्यांना ऊब देत नाही. कासवीण रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा वळून येत नाही. ती अंडी वाळूच्या उबेत उबतात, सुमारे पन्नास दिवस, आणि वाळू किती तापलेली आहे त्यावर नर होणार की मादी हे ठरतं. आपल्या संतांनी कूर्मदृष्टी म्हटलं, कासवी लांबून नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते अशी ती कल्पना. त्यांनीही तिला अंड्यांवर बसवलं नाही.

आणि बोंडअळीचा पतंग! तो कपाशीच्या पात्या-फुलांवर, बोंडांवर अंडी चिकटवतो आणि उडून जातो. तीन-चार-पाच दिवसांत अंडी आपोआप उबतात, अळी निघते आणि काही तासांत बोंडात शिरते. शिरल्यावर भोकही बुजून जातं, मग फवारणी कितीही करा. ज्याला हे नीट समजलं पाहिजे तो शेतकरी आहे. ‘उबवल्यावर’ हा शब्द वाचून त्याच्या डोळ्यापुढे काय येणार? कुणीतरी बसलंय असं? ‘अंडी उबून अळी निघते’ एवढं लिहिलं असतं तर चार अक्षरं वाचली असती आणि अर्थही पोचला असता.

उबण्याचं थोडं सांगायला पाहिजे, कारण हा शब्द तर पेपरातून जवळजवळ गेलाच आहे. सातव्या रात्री मी अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या तोंडावर एकेक अंडं धरून पाहते. जे उबतंय त्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसतं, कोळ्यासारखं, आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. जे कोरं आहे ते नुसतं पिवळसर उजळतं. लोक त्याला वांझ अंडं म्हणतात. सासूबाई कोरं म्हणायच्या, मीही कोरंच म्हणते. दरवर्षी कुणीतरी दुकानातल्या अंड्यांचा ट्रे घेऊन येतो, यातून पिल्लं काढून द्या म्हणून. त्याला समजावून सांगावं लागतं की या अंड्याच्या कोंबडीनं जन्मात कोंबडा पाहिलेला नाही, हे कितीही उबवा, उबणार नाही. बघा, एका वाक्यात दोन्ही शब्द लागले आणि दोन्हींचा अर्थ वेगळा झाला.

उबणं चांगलंच असतं असंही नाही. ओली ज्वारी पोत्यात भरली की उबते, पावसाळ्यात डब्यातलं पीठ उबतं. आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की फळीवर ठेवलेली अंडीसुद्धा कुणी न बसता उबायला लागतात, अर्धीमुर्धी वाढतात आणि आत मरतात. म्हणून त्या दिवसांत मी अंडी ओल्या वाळूवर, माठाच्या शेजारी ठेवते आणि यंत्र बंद करते.

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून टिटवीचं सांगते. टिटवीनं अंडी उंचावर घातली की खोलगट जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधण्याच्या बातम्या दर मे महिन्यात येतात. पण टिटवी उन्हात काय करते ते मी कुठं वाचलेलं नाही. आमच्या खळ्याच्या बाजूला नांगरटीत एकदा चार अंडी होती, ढेकळांच्याच रंगाची. दुपारी बाराला ती त्यांच्यावर बसलेली नव्हती, पाय ताणून उभी होती, अंगाची सावली बरोबर चार अंड्यांवर पाडून. थोड्या वेळानं उडाली, कालव्याच्या डबक्यात जाऊन पोट बुडवून आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर टेकली. परत उडाली, परत ओली होऊन आली. खानदेशच्या उन्हात ती अंडी निववत होती. तिचंही ते उबवणंच, २८-३० दिवसांचं. अंडं आपल्या ताब्यात राखायचं, तापू द्यायचं नाही आणि गार पडू द्यायचं नाही, हे त्या शब्दात आहे.

म्हणून ‘काय घरात अंडी उबवत बसलाय?’ असं कुणी रिकाम्या माणसाला म्हणतं तेव्हा मला ते खुपतं. आमच्या घरीही म्हणायचे. आता कुणी माझ्यासमोर म्हणत नाही. सासूबाईंची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली. मी त्यांच्याजवळ बसून असायचे तेव्हा एका पाहुण्यानं हेच वाक्य मला उद्देशून वापरलं होतं. मी त्याला काही बोलले नाही. सासूबाईंनी मात्र पडल्यापडल्या मान हलवली. त्यांना माहीत होतं बसणं म्हणजे काय असतं.

आता एकविसावा दिवस.

खरं तर एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच सुरू होतं. माझं लग्न नवं होतं. सासूबाईंनी खुडूक कोंबडीखालून एक अंडं काढून माझ्या कानाला लावलं. म्हणाल्या, “ऐक वं माय, पिलू बोली राह्यनं.” आतून बारीक चिवचिव येत होती. कवच सगळं शाबूत, एक रेघसुद्धा नाही, आणि आत कुणीतरी बोलतंय. कोंबडी वरून हळू आवाजात उत्तर देत होती. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी आतला पडदा टोचून तिथं चोच घालतं, पहिला श्वास तिथं घेतं, म्हणून आवाज येतो. मग चोचीच्या टोकावर असलेल्या बारीक पांढऱ्या काट्यानं ते कवचाला आतून ठोकतं. हा काटा फक्त याच कामासाठी असतो, दोन-चार दिवसांत गळून पडतो. बाहेरून आधी दिसतो तो चांदणीसारखा एक तडा. मग बराच वेळ काहीच होत नाही. नवा माणूस असेल तर घाबरतो, मेलं की काय म्हणून. पण पिल्लू विसावा घेत असतं. पोटाबाहेर राहिलेला पिवळा बलक ते या वेळात पोटात ओढून घेतं, आणि त्या शिदोरीवर पुढचे दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यातून एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकतात ती यामुळेच. विसावा झाला की आतल्या आत गोल फिरत एकेक ठोका देत ते अंड्याच्या रुंद टोकाला कडं कापत नेतं, आणि शेवटी मानेनं आणि पायानं रेटून टोपण ढकलतं. पहिल्या तड्यापासून बाहेर पडेपर्यंत कधी बारा तास लागतात, कधी त्याहून जास्त. ओलं, दमलेलं, लोळागोळा होऊन पडतं. तास-दोन तासांत पिसं वाळतात आणि मग ते आपण चित्रात पाहतो तसं पिवळं, गोल पिल्लू दिसतं.

यंत्र आणलं त्या पहिल्या वर्षी मला एवढा धीर नव्हता. एका अंड्याला तडा जाऊन सात-आठ तास झाले होते. मी नखानं कवच सोलायला लागले. दोन तुकडे निघाले आणि खालच्या पडद्यातून रक्त आलं. पडद्यातल्या शिरा अजून चालू होत्या, बलक अजून बाहेरच होता. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. मी दारात रडत बसले होते. सासूबाई तेव्हा हिंडत्या-फिरत्या होत्या. त्यांनी ते पिल्लू उचलून पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि एवढंच म्हणाल्या, “त्यानं त्याले निंघू दे.” त्याचं त्याला निघू दे.

संपादक महोदय, हे जे ‘निघणं’ आहे ते पिल्लाचं आहे. कोंबडी वर बसून असते, उत्तर देत असते, पण कवच ती फोडत नाही. संस्कृतात पक्ष्याला द्विज म्हणतात, दोनदा जन्मलेला. एकदा अंड्याच्या रूपानं आणि एकदा अंड्यातून. पहिला जन्म आईनं दिलेला. दुसरा त्यानं स्वतः ठोकून ठोकून मिळवलेला. ‘कोंबडीने अकरा पिल्ले उबवली’ असं आपण छापतो तेव्हा त्या दुसऱ्या जन्माचा कर्ताच वाक्यातून नाहीसा होतो. पिल्लं उबवत नाहीत, अंडी उबवतात. पिल्लं निघतात.

आता राहिला ‘फुटली’. अंडं फुटलं म्हणजे नुकसान झालं, असं बाईंना वाटलं असणार, आणि हातातून पडून फुटलं तर ते खरंच आहे. पण मराठीत फुटणं म्हणजे नुसतं मोडणं कधीपासून झालं? तांबडं फुटतं. पालवी फुटते, कोंब फुटतो. वाचा फुटते. वयात येणाऱ्या पोराला मिसरूड फुटते. बाळंतिणीला पान्हा फुटतो. आणि आमच्या खानदेशात दसरा-दिवाळीच्या सुमाराला ‘कापूस फुटला का?’ हा प्रश्न एकमेकांना विचारला जातो तेव्हा सगळ्या वर्षाचा हिशेब त्या एका शब्दावर टांगलेला असतो. बोंड आतून भरतं, चार पाकळ्या उलतात आणि पांढरा कापूस बाहेर येतो. ज्या घरात पोर हे दरवर्षी पाहते, तिनं ‘अंडी फुटली आणि पिल्ले निघाली’ असं लिहिलं तर ते तिच्या मातीतलं मराठी आहे. पुढे ‘पिल्ले निघाली’ लिहिल्यावर अर्थाबद्दल शंका राहते कुठं?

शब्द का जातात याचंही मला थोडं कळलं आहे. आज बाजारातलं जवळपास सगळं अंडं ज्या पांढऱ्या कोंबड्यांचं येतं त्या खुडूक बसतच नाहीत. बसली की अंडी थांबतात, म्हणून पिढ्यान्पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडून निवडून ही जात वाढवली आहे. माझ्या गिरिराजसुद्धा सहसा बसत नाहीत. माझं माहेर नवापूरच्या बाजूला आहे. तिथल्या मोठ्या शेडमध्ये हजारोंनी कोंबड्या, पण खुडूक एकही नाही. तिथं काम करणाऱ्या पोरांना हा शब्द माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. ती ‘सेटर’, ‘हॅचर’ म्हणतात. अठरा दिवस सेटरमध्ये, शेवटचे तीन दिवस हॅचरमध्ये. त्या शब्दांवर माझा आक्षेप नाही, मीसुद्धा यंत्राच्या माणसाशी बोलताना तेच म्हणते. यंत्राचे भाग आहेत, त्यांना यंत्राची नावं असू द्यावीत.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो याच नवापुरात. तेव्हा ठरावीक अंतरातल्या घरोघरच्या कोंबड्याही न्याव्या लागल्या. २०२१ च्या सुरुवातीलाही तिथं पुन्हा तेच झालं. पहिल्या वेळी माझ्या आईची एक तांबडी कोंबडी सतराव्या दिवसावर होती. पांढरे कपडे घातलेली माणसं आली. रोग पसरू नये म्हणून ते करणं भाग होतं, आईनं अडवलं नाही. तिनं फक्त विचारलं, ही उबवते आहे, चार दिवसांनी नेली तर चालेल का? तो पोरगा शहरातला असावा. त्याला ‘उबवते आहे’चा अर्थ कळला नाही. त्यानं विचारलं, म्हणजे आजारी आहे का? टोपलीसकट नेली. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती कोंबडीबद्दल कमी बोलली, त्या पोराच्या प्रश्नाबद्दल जास्त. तिला तो प्रश्न फार लागला होता. ती गेली त्या वर्षापर्यंत अधूनमधून काढायची.

माझी आपल्याला विनंती आहे ती साधी आहे. कासवाची बातमी येईल तेव्हा ‘अंड्यांतून पिल्लं निघाली’ असं लिहावं. अळीचा लेख येईल तेव्हा ‘अंडी उबून अळी निघते’ असं लिहावं. कोंबडी, कबूतर, टिटवी, अजगर, किंवा रात्रभर गोधड्या घेऊन बसलेलं माणूस असेल, तेव्हा ‘उबवली’ लिहावं. आपला पेपर आमच्या भागातल्या शाळांत जातो, मास्तर आणि बाई तो वाचतात. आपण नीट लिहिलं तर तांबडी शाई जागच्या जागी पडेल.

नातीच्या बाईंना मी जाऊन भेटले. वही दाखवली, बोलणं नीट झालं. त्यांनी अंड्यातून पिल्लू निघताना कधी पाहिलं नव्हतं. यंत्रात सध्या १६४ अंडी आहेत आणि येत्या शुक्रवारी एकविसावा दिवस आहे. गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या वर्गातल्या पोरांना घेऊन येणार आहेत. तेव्हा तडे जायला लागलेले असतील. तडा न गेलेलं एखादं अंडं आधी बाईंच्या कानाला लावायचं, असं नातीनं ठरवलं आहे.

आपली,
एक वाचक,
ता. साक्री, जि. धुळे